विंगेतल्या माणसाचं मानपत्र

समजा, तुम्हाला कोणी सांगितलं, एका माणसाचं कौतुक लिहून दे. पाऊण पान पुरे. तो माणूस तुम्ही कधी पाहिलेला नाही. त्याचं नाव, वय आणि तो काय करायचा याचं एक वाक्य, एवढंच तुमच्याकडे आहे. आणि मजकूर उद्या दुपारपर्यंत हवा आहे. घ्या बरं पेन्सिल हातात. पहिलं वाक्य काय लिहाल?

बहुतेक मुलं थोडा वेळ छताकडे बघतात आणि लिहितात, 'ते खूप चांगले आहेत.' मग लिहितात, 'ते सर्वांना मदत करतात.' तिसऱ्या वाक्याला पेन्सिल चावायला लागतात. तुमचंही तसं झालं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. अनुजाचंही तसंच झालं होतं, आणि तिचा तर तो रोजचा धंदा होता.

अनुजा करी रोडला भावाच्या घरी राहायची. आधी ती एका जाहिरात कंपनीत होती. तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि खिडकीशी एक घडीचं टेबल मांडलं. तेच तिचं ऑफिस. कोणाला काही लिहून हवं असलं की तो अनुजाला फोन करायचा. चटणीच्या पाकिटामागचे चार शब्द, कुठल्यातरी डॉक्टरांचं भाषण, सोसायटीच्या गच्चीवर लावायची सूचना, लग्नात दाखवायच्या व्हिडिओतली नवरा-नवरीची गोष्ट. भाषण डॉक्टरांच्या नावाने व्हायचं आणि चटणी चटणीवाल्याच्या नावाने खपायची.

"मग तुझं नाव कुठे असतं?" असं तिच्या भाचीने, मनवाने, एकदा विचारलं होतं.

"लाइटच्या बिलावर पण नसतं," अनुजा म्हणाली. "ते तुझ्या बाबाच्या नावावर येतं."

मनवा सहावीत होती. शाळेतून आली की ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची. आत्याचं लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवणं हे तिचं काम. जिथे मनवाची जीभ अडखळेल तिथे आत्या फुली मारायची आणि ते वाक्य पुन्हा लिहायची. हा आत्याचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा की ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला ते सगळ्यांच्या आधी वाचून दाखवायचं.

त्या आठवड्यात अनुजाने दुसरा नियम मोडला, आणि तिथून ही गोष्ट सुरू होते.

सोमवारी विनीतचा फोन आला. विनीत तिचा शाळेतला मित्र, लालबागच्या एका हौशी नाट्यमंडळाचा सेक्रेटरी. एके काळी गिरण्यांमधले कामगार पाळी संपवून तालमीला बसत, त्यांचं हे मंडळ. आता त्याला साठ वर्षं होत होती. रविवारी कार्यक्रम होता आणि एका जुन्या सभासदाचा सत्कार होता. सत्कार म्हटला की शाल आणि नारळ आला, आणि मानपत्र आलं. मानपत्र म्हणजे काचेच्या फ्रेममध्ये बसवलेला कौतुकाचा कागद. तो आधी स्टेजवर मोठ्याने वाचतात आणि मग त्या माणसाच्या हातात देतात.

"शामराव हडकर. वय ब्याऐंशी. गिरणीत विणकर होते," विनीत म्हणाला. "आमच्या नाटकांत चाळीस वर्षं. लिही काहीतरी झकास. आणि ऐक, आमच्या साठ वर्षांच्या इतिहासाचं पुस्तक काढायचंय. कमिटीला तुझं नाव सुचवलंय मी. तेव्हा हे जरा चमकव."

अनुजा आनंदली. पुस्तक म्हणजे सहा महिन्यांचं काम, आणि पहिल्यांदाच आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून तिचं नाव. पण त्या दिवशी तिच्यासमोर आणखी तीन कामं पडली होती. तिने लॅपटॉपमधलं जुनं मानपत्र उघडलं. घरी मोदकाचा साचा असतो ना, सारण भरलं, दाबलं की मोदक तयार, तशी तिची ती फाइल होती. वरचं नाव बदललं, मधली चार वाक्यं बदलली. नाटकात चाळीस वर्षं होते म्हणजे नट असणार, असं तिने धरलं. मंगळवारी मानपत्र गेलं, बुधवारी छापून फ्रेममध्ये बसलं.

गुरुवारी मनवा शाळेतून आली तेव्हा आत्या फोनवर होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"शामराव येत नाही म्हणतायत," विनीत सांगत होता. "मी त्यांच्या सुनेला मानपत्राचा फोटो पाठवला. तिने वाचून दाखवला तर म्हणाले, हा माणूस मी नाही, ज्याचं आहे त्याला द्या. आणि पाठ फिरवून झोपले. तू एक फोन कर ना. गोड बोल जरा."

"मी जाऊन येते," अनुजा म्हणाली. मनवाने दप्तर तसंच कॉटवर टाकलं आणि चपला घातल्या.

शामराव लालबागला एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहत. गॅलरीत खुर्ची टाकून ते लसूण सोलत बसले होते. अनुजाने नाव सांगितलं.

"म्हणजे ता तू लिवलंस?" त्यांनी विचारलं. "बस. गो चेडवा, तू वाच बघू एकदा. सून वाचते तेव्हा मध्येच हसते."

मनवाने आत्याच्या फोनवरून वाचायला सुरुवात केली. "आपल्या धीरगंभीर, पल्लेदार आवाजाने आपण प्रेक्षागृह दणाणून सोडले. आपण रंगमंचावर पाऊल टाकताच टाळ्यांचा कडकडाट होई..."

शामराव खांदे हलवत हसले. लसणीची टरफलं सदऱ्यावर सांडली.

"बाय माझे, मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसणारो. चाळीस वर्षांत स्टेजवर चढूक नाय. माझो आवाज लोकांक ऐकू इलो असतो, तर मंडळान माका दुसऱ्याच दिवशी घराक धाडला असता."

अनुजाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने काही सबब सांगितली नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी न विचारता लिहिलं." मग तिने पिशवीतून वही काढली आणि जमिनीवरच मांडी घातली. "आता सांगा. काय करायचात तुम्ही?"

"काय करायचो? गप्प बसायचो."

"मग तुमची गरजच काय?" मनवा म्हणाली. अनुजाने तिच्याकडे डोळे वटारले, पण शामरावांना प्रश्न आवडला. त्यांनी लसणीचं ताट बाजूला ठेवलं.

"हे बघ. नट बोलता बोलता थांबला. आता तो विसरला, की मुद्दाम थांबला? काही जण थांबून खेळतात. लोकांचा जीव टांगणीला लावतात. अशा वेळी मी शब्द दिला तर सगळा खेळ मेला. आणि विसरलेला असताना नाही दिला तरी मेला. मग ओळखायचं कसं?"

"तोंडावरून," मनवा म्हणाली.

"तोंड नटाचं असतं गो. तोंडाने तो फसवणार. मी पायाकडे बघायचो. माणूस विसरला ना, की पायाची बोटं आखडतात. चप्पल धरून ठेवल्यासारखी. मग हळूच एक शब्द द्यायचा. एकच. पुढचं त्याचं तो बोलतो."

"अख्खं वाक्य का नाही?"

"मग ते मी बोललो असं होईल. बोलायचं त्याने."

अनुजाची लेखणी थांबत नव्हती. शामराव तिच्या वहीकडे बघत राहिले. "तुझं नाव कुठे असतं गो या मानपत्रावर?"

"लिहिणाऱ्याचं नसतं त्यावर."

"म्हणजे तू पण विंगेतलीच की." त्यांनी पुन्हा ताट ओढून घेतलं. "तरी मला स्टेजवर नाचवलंस. लिही परत. शनिवारी येऊन वाचून दाखव. खरं असलं तर येतो. नसलं तर रविवारी मला मासळी आणायची आहे."

जिन्यातूनच अनुजाने विनीतला फोन लावला. विनीत वैतागला.

"अगं, फ्रेम झालीये. मानपत्र ऐकतं कोण? लोक तेव्हा नाश्त्याचं टेबल कुठे लावलंय ते बघत असतात."

"शामराव ऐकणार आहेत."

"त्यांना मी समजावतो. दोन वडीलधारे पाठवतो घरी. तू आता घोळ घालू नकोस. आधीच कमिटीत दोघं विचारतायत, हिने प्रॉम्प्टरला नट केलं, ही आमचा इतिहास काय लिहिणार. गपचूप राहिलीस तर मी सांभाळून घेईन. परत छापायला लावलंस तर सगळ्यांना कळेल."

अनुजा पायरीवर थांबली. मनवाही एक पायरी वर थांबली.

"कळू दे," अनुजा म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी नवीन कागद फ्रेममध्ये असेल. छपाई आणि फ्रेम माझ्याकडून. पुस्तकाचं तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी मनवा शाळेतून आली तेव्हा टेबलावर तीन मसुदे पडले होते, तिन्हीवर फुल्या. मधला मजकूर जमला होता. अडत होतं ते शेवटचं वाक्य. मनवा वाचायला उभी राहिली.

"आपण पडद्यामागचे खरे नायक आहात." ती थांबली. "आत्या, हे तू वॉचमनकाकांच्या निरोपाला पण लिहिलेलंस."

अनुजाने फुली मारली. थोड्या वेळाने नवं वाक्य आलं. "आपण या मंडळाचा कणा आहात."

"कणा आमच्या मोठ्या बाई होत्या, गेल्या वर्षीच्या मानपत्रात."

फुली. मग 'दीपस्तंभ' आला आणि गेला. चटणीवाल्याचा फोन आला, त्याला अनुजाने सोमवारचं सांगितलं. मनवाने मधल्या वेळात गणिताचा गृहपाठ संपवला. सहाव्या मसुद्याला अनुजाने वही मिटली आणि म्हणाली, "मनू, शामरावांनी काय केलं ते मला एका वाक्यात सांग. मोठे शब्द नकोत. तुझ्या वर्गातल्या मुलीला सांगतेस असं समज."

मनवाने विचार केला. "त्यांचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही," ती म्हणाली. "पण त्यामुळे नाटक ऐकू आलं."

अनुजाने ते तसंच लिहून घेतलं. मग तिने ते इकडे तिकडे करून पाहिलं, दोन शब्द काढले, तीन घातले, एक पुन्हा काढला. दर वेळी मनवाने वाचलं. सातव्या मसुद्याला तिची जीभ कुठेही अडखळली नाही.

शनिवारी सकाळी शामराव डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "परत." मनवाने परत वाचलं.

"ते 'सदैव जागरूक' काढ," त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. "सदैव कोण जागा असतो? दुसरी पाळी करून यायचो मी. एका प्रयोगाला अख्खा दुसरा अंक झोपलेलो. नटांनी पाणी मागायच्या निमित्ताने येऊन उठवलं."

अनुजाने काढलं आणि त्या जागी झोपेचं लिहिलं. "आणि लोकांनी तुमचा आवाज एकदाही ऐकला नाही, हे खरं आहे ना?"

शामरावांनी डोळे मिटूनच आठवून पाहिलं. "एकदा शिंक आलेली. नायिका मरत होती तेव्हा."

"शिंक म्हणजे शब्द नाही," मनवा म्हणाली.

"मग राहू दे ते." त्यांनी डोळे उघडले. "येतंय मी उद्या. पण वाचणार ही. तुमचा तो सेक्रेटरी नको. तो वाचतो की भांडतो ते कळत नाही."

मनवाने कागद आत्यापुढे धरला. टेबलाशी वाचणं वेगळं. पण शामराव तिच्याकडे बघत होते, आत्या बघत होती, आणि तिने होकारार्थी मान हलवली.

दुपारी कागद छापून झाला. तो आणि मंडळाकडची जुनी फ्रेम घेऊन दोघी भायखळ्याला फ्रँक अंकलच्या फ्रेमच्या दुकानात गेल्या. जुनी फ्रेम पाहून अंकल कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ही बुधवारी माझ्याच हाताने बसवली. तीन दिवसांत माणूस बदलला काय?"

"माणूस तोच आहे, अंकल," अनुजा म्हणाली. "मी चुकीचा लिहिला होता."

"मग उघडायची ती पण मीच." अंकलनी मागचे खिळे उपसले. शेवटच्या खिळ्याला काच कोपऱ्यातून तडकली. ते पुटपुटत आत गेले आणि दुसरी काच घेऊन आले. "ती चमक न मारणारी संपली. ही साधी. उजेडात जरा चकाकते. भिंतीवर लावल्यावर काय फरक पडत नाही."

"चालेल," अनुजा म्हणाली. भिंतीच्या आधी ती फ्रेम स्टेजवर जायची होती, हे तिघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल भरला. शामराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवरच्या खुर्चीत बसले होते, अगदी कडेला, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच ते लोकांकडे तोंड करून बसले होते, आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. अनुजा विंगेत उभी होती. विनीत तिच्याशी बोलत नव्हता. त्याने मनवाच्या हातात फ्रेम दिली आणि माइक खाली ओढून तिच्या उंचीला आणला.

मनवाने वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद नीट गेला. गिरणी, पाळी, तालमीची खोली, स्टूल. लोक खरंच ऐकत होते. 'दुसरा अंक झोपून काढल्याचं आपण स्वतःच सांगता' या वाक्याला मागच्या रांगेतली म्हातारी माणसं हसली.

तेवढ्यात फोटो काढणाऱ्याने समोरचा मोठा दिवा लावला.

फ्रेममधली सगळी अक्षरं गेली. काचेत नुसता पांढरा उजेड उरला. मनवाने फ्रेम उजवीकडे कलती केली, तर वरचा दिवा काचेत आला. डावीकडे केली, तर पुन्हा फोटोवाल्याचा. पुढचं वाक्य कुठलं? परवापासून कितीदा वाचलेलं. आठवेना. हॉल शांत झाला. कोणीतरी खोकलं. विंगेत अनुजाने एक पाऊल पुढे टाकलं.

मनवाच्या चपलेत पायाची बोटं आखडली.

"नट," असं कोणीतरी म्हणालं.

इतक्या हळू, की तो शब्द माइकलाही कळला नाही. मनवाने बाजूला पाहिलं. शामराव समोर बघत होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटतही नव्हते.

"नट थांबला," मनवा म्हणाली, आणि बाकीचं वाक्य आपोआप आलं, "तर तो विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे आपल्याला त्याच्या पायाच्या बोटांवरून कळायचं."

पुन्हा अडलं.

"पूर्ण," खुर्चीतून आलं.

"पूर्ण वाक्य आपण कधीच दिलं नाही. पहिला शब्द दिला, आणि बोलायचं त्याच्यावर सोडलं."

आता एकच वाक्य उरलं होतं, शेवटचं. मनवा थांबली आणि शब्दाची वाट पाहू लागली. तो आला नाही. तिने शामरावांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या नारळाची शेंडी बोटांनी सारखी करत होते. त्यांना वाक्य आठवत होतं, याची तिला खात्री होती. दोनदा ऐकलेलं त्यांना सगळं पाठ होतं. पण ते वाक्य त्यांच्याबद्दल होतं. दुसऱ्याला हवा तो शब्द त्यांनी चाळीस वर्षं दिला होता. आपल्याच कौतुकाचा शब्द ते देणार नव्हते, मग हॉल रात्रभर गप्प बसला तरी.

आणि ते वाक्य मुळात कोणाचं होतं, हे मनवाला त्या क्षणी आठवलं.

तिने आखडलेली बोटं सरळ केली. फ्रेम हळूच खाली ठेवली आणि माइकच्या दांड्याला टेकवून उभी केली. मग दोन्ही हात मोकळे सोडून ती शामरावांकडे वळली, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षांत लोकांनी आपला आवाज एकदाही ऐकला नाही. म्हणून त्यांना नाटक शेवटपर्यंत ऐकता आलं."